गाठीचा तुकडा, रिसेप्टर आणि तुमची सही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी संशोधन समन्वयक आहे. स्तनाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी पेशंटशी संमतीपत्राबद्दल बोलायचं, तुकडा ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) प्रयोगशाळेपर्यंत पोचवायचा आणि नंतर वर्षानुवर्षं त्या बाईंची खुशाली विचारून नोंद ठेवायची, हे माझं काम. खालचे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि ओपीडीबाहेरच्या बाकावर पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. काही नातेवाइकांचे आहेत, काही एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींचे. उपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा आहे.

१. रिपोर्टवर "रिसेप्टर पॉझिटिव्ह" लिहून आलंय. हे चांगलं की वाईट?

आधी भीती काढून टाकते. हा पॉझिटिव्ह कोरोनाच्या पॉझिटिव्हसारखा नाही.

जुन्या वाड्याच्या देवडीवर माणूस बसलेला असायचा. बाहेरून निरोप आला की तो आत वर्दी द्यायचा आणि मग आतली हालचाल सुरू व्हायची. पेशीत हे काम रिसेप्टर नावाची प्रथिनं करतात. पाठ्यपुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात. इस्ट्रोजेनसारखं संप्रेरक येऊन चिकटलं की रिसेप्टर वर्दी देतो आणि पेशी एकीच्या दोन व्हायला लागते. गाठीत असे रिसेप्टर भरपूर असतील तर ती गाठ संप्रेरकाच्या तालावर वाढते आहे असा अर्थ होतो. म्हणजेच ती वर्दी अडवणारी गोळी तिच्यावर चालण्याची शक्यता असते. उपचाराला एक धरायची जागा मिळाली, असं समजा.

जगभरात स्तनाच्या कॅन्सरच्या दहा रुग्णांपैकी सुमारे सात जणींची गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेली निघते. भारतात हे प्रमाण कमी आहे आणि ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीला वाढायला सांगणारा आणखी एक रिसेप्टर) हे तिन्ही नसलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह गाठींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त. निगेटिव्ह आलं म्हणून उपचार संपत नाहीत, त्यांची वाट वेगळी होते.

२. रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात ना?

काही असतात, सगळे नाहीत. हर-टू आवरणात रोवलेला असतो, एक टोक बाहेर आणि एक आत. इस्ट्रोजेन रिसेप्टर मात्र देवडीवर बसत नाही, तो थेट माजघरात, पेशीच्या केंद्रकात असतो. इस्ट्रोजेन स्निग्ध असल्यामुळे आवरणातून आरपार आत शिरतं, रिसेप्टरला चिकटतं आणि मग ही जोडी डीएनएवर जाऊन बसते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ईआरचा तपकिरी रंग केंद्रकात दिसतो आणि हर-टूचा पेशीच्या कडेने, जाळीसारखा. तोंडी परीक्षेत हा फरक हमखास विचारतात आणि हमखास चुकतो.

३. सर्जनने गाठ काढून टाकली. मग रिसेप्टरचा अभ्यास कशाला? शस्त्रक्रियेचा आणि त्याचा काय संबंध?

हा अभ्यास सुरूच मुळी सर्जननी केला. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या स्त्रियांची बीजकोषं काढली आणि काही जणींच्या गाठी आक्रसलेल्या पाहिल्या. इस्ट्रोजेन हे नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे १९४१ मध्ये शिकागोचे सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो हे दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच संस्थेत एलवुड जेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन उंदरांना टोचून पाहिलं. ते सगळ्या अंगभर फिरलं, पण गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांनीच धरून ठेवलं. धरून ठेवणारं तिथे काहीतरी असलं पाहिजे, या तर्कातून रिसेप्टर सापडला.

बीटसन यांच्या काळी बीजकोष काढून कुणाला फायदा होईल हे आधी सांगताच येत नव्हतं. बऱ्याच जणींचं ऑपरेशन फुकट जायचं. आज ते गाठीच्या तुकड्यावरून आधी कळतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी शरीरात कुठे उरल्या असतील तर त्यांना काय लागू पडेल, हेही तोच तुकडा सांगतो.

४. ओटीतून तुकडा बाहेर आल्यावर त्याचं नेमकं काय होतं?

याचं उत्तर लांबवणार आहे, कारण सगळं संशोधन या पहिल्या अर्ध्या तासावर उभं असतं.

सर्जन गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधतात त्या क्षणी तिचा प्राणवायू बंद होतो. पेशी लगेच मरत नाहीत, पण त्यांच्या आतल्या वर्द्या बदलू लागतात. रिसेप्टर आत निरोप धाडतात ते बहुतेक वेळा एका प्रथिनाने दुसऱ्याला फॉस्फेटचा छोटा रेणू चिकटवून. हे फॉस्फेट काही मिनिटांत गळून पडतात किंवा भलत्याच ठिकाणी चिकटतात. आपल्याला बाईंच्या शरीरात गाठ काय करत होती ते जाणून घ्यायचं असतं. उशीर झाला तर ट्रेमध्ये पडलेली गाठ काय करत होती एवढंच कळतं.

म्हणून गाठ बाहेर येते ती वेळ सिस्टर मोठ्याने सांगतात आणि मी फॉर्मवर लिहिते. गाठीला सर्जननी दोन धागे बांधलेले असतात: आखूड धागा वरच्या बाजूला, लांब धागा बाहेरच्या. पॅथॉलॉजिस्ट मॅडम गाठ वजन करून घेतात, कडांना रंगीत शाई लावतात, म्हणजे नंतर काचेवर पाहताना कुठली कड कुठली ते कळतं. मग पाव कापावा तसे काप. कापल्यावर कॅन्सरची गाठ पांढरट, खरखरीत दिसते. सुरीखाली कच्च्या पेरूसारखी करकरते. निदानाला लागणारे भाग आधी बाजूला निघतात. उरलेल्यातून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे तुकडे माझ्या नळ्यांत पडतात. झाकण लावून नळी लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर सोडली की चर्र आवाज होतो. तो आवाज झाला की मी पुन्हा घड्याळ बघते. आमचा दंडक वीस मिनिटांचा आहे.

निदानाच्या तुकड्यांनाही घड्याळ आहेच. गाठ बाहेर आल्यापासून तासाभरात ती कापून फॉर्मॅलिनमध्ये पडावी आणि तिथे किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत मुरतं. अख्खी गाठ न कापता बरणीत टाकली तर बाहेरून पक्की दिसते आणि आतून नासते.

आमची गोठवलेली नळी मग पाषाणच्या प्रयोगशाळेत जाते. विद्यापीठ चौकातल्या गर्दीत तासभर अडकलो तरी तिला धोका नसतो. गोठल्यावर घाई संपलेली असते. घाई असते ती ओटीच्या दारापासून कापायच्या टेबलापर्यंतच्या त्या चाळीस पावलांची.

५. तुकडा संशोधनाला दिला तर आईच्या स्वतःच्या तपासणीला कमी पडणार नाही का?

नाही, आणि पडू द्यायचाही नसतो. तुकडा कुणाला द्यायचा हे पॅथॉलॉजिस्ट ठरवतात. सर्जन नाही, मी तर नाहीच. पहिला हक्क निदानाचा. गाठ लहान असेल तर संशोधनाला काहीच घेत नाही, संमतीपत्रावर सही असली तरी. माझ्या फॉर्मवर "नमुना घेतला नाही" असा रकाना आहे आणि तो बऱ्याचदा भरला जातो. संशोधनासाठी म्हणून जास्तीचा भाग कापून काढला, असंही होत नाही.

६. रिपोर्टमध्ये टक्के, ३+, फिश असं बरंच काही आहे. वाचायचं कसं?

ईआर आणि पीआर टक्क्यांत येतात. गाठीच्या शंभर पेशींपैकी किती जणींच्या केंद्रकाने रंग घेतला, ते टक्के. १ टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह म्हणतात. १ ते १० टक्के असेल तर "लो पॉझिटिव्ह" अशी वेगळी नोंद करतात, कारण या गाठींवर गोळीचा भरवसा कमी असतो.

हर-टू चार पायऱ्यांत येतो: ०, १+, २+, ३+. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे संशय, मग फिश नावाची तपासणी करतात. तिच्यात हर-टू जनुकाच्या प्रती पेशीत वाढल्यात का ते चमकत्या ठिपक्यांवरून मोजतात. २+ आलं आणि फिश केलीच नाही, असे कागद अजूनही माझ्यासमोर येतात. तसं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पूर्वी १+ म्हणजे सरळ निगेटिव्ह धरायचे. २०२२ नंतर ते चित्र बदललं. १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ असलेल्या, पसरलेल्या कॅन्सरमध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान या औषधाचा उपयोग होतो असं दिसलं. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं "निगेटिव्ह" न लिहिता पायरी लिहिलेली असावी.

७. एका लॅबने निगेटिव्ह दिलं, दुसरीने पॉझिटिव्ह. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. तुकड्याची आबाळ झालेली असते.

माझ्या मावशीचं ऑपरेशन दुसऱ्या एका शहरात झालं, शनिवारी संध्याकाळी. गाठ अख्खीच्या अख्खी लहान बरणीत कोंबली गेली, वर जेमतेम बुडेल एवढं फॉर्मॅलिन, आणि सोमवारी सकाळी उघडली. रिपोर्ट ईआर निगेटिव्ह. मी तेव्हा या कामात नवीन होते, पण स्लाइड मागवून आमच्या मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, "गाठीचं सोड, शेजारच्या साध्या दुधाच्या नळ्या बघ." निरोगी नळ्यांमध्ये थोड्या पेशी ईआरचा रंग घेतातच. इथे त्यांनीही घेतला नव्हता. म्हणजे तपासणीच फसली होती. ऑपरेशनआधी सुईने काढलेल्या बारीक तुकड्याचा मेणाचा ब्लॉक मिळाला, त्यावर पुन्हा तपासलं, ईआर ८० टक्के. मावशीची गोळी पाच महिने उशिरा सुरू झाली. ती आज ठणठणीत आहे. ते पाच महिने मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत, आणि प्रश्न ४ चं उत्तर एवढं लांबलं ते त्यामुळेच.

निगेटिव्ह रिपोर्ट आला तर विचारा: "स्लाइडवरच्या निरोगी नळ्यांनी रंग घेतला का?" चांगला पॅथॉलॉजिस्ट या प्रश्नाने चिडत नाही. ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या मतासाठी मागता येतात.

८. सही केली म्हणजे आम्ही काय काय मान्य केलं? नंतर नाही म्हणता येतं का?

शस्त्रक्रियेचं संमतीपत्र वेगळं, संशोधनाचं वेगळं. दुसऱ्यावर सही केली नाही तर उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत हे स्पष्ट आहे. फॉर्ममध्ये सहसा वेगवेगळे रकाने असतात: याच अभ्यासासाठी नमुना वापरावा का, पुढच्या अभ्यासांसाठी साठवावा का, जनुकीय तपासणी करावी का, परदेशी पाठवावा का. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं. चारही रकाने वाचून मगच सही करा.

माघार कधीही घेता येते, कारण सांगावं लागत नाही. उरलेला नमुना नष्ट करतात. ज्या तपासण्या होऊन निष्कर्षात मिसळल्या, त्या मात्र परत काढता येत नाहीत.

माझा एक नियम आहे. स्ट्रेचरवर झोपलेल्या, गुंगीचं औषध दिलेल्या माणसाची सही मी घेत नाही. आदल्या दिवशी बोलणं राहून गेलं असेल तर तो नमुना गेला.

९. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. मुलाने सही केली तर चालेल ना?

नाही. संमती त्यांची स्वतःचीच लागते. त्या अंगठा देऊ शकतात, पण त्याआधी सगळा मजकूर त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचा आणि संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षीदार पूर्णवेळ तिथे हजर हवा. तोही सही करतो. नवऱ्याची सही बायकोच्या संमतीची जागा घेत नाही, मुलाची आईच्या संमतीची नाही. एक काकू अंगठा देता देता थांबल्या आणि म्हणाल्या, "माज्या अंगातलं हाय, मला दाखवा तरी कुठं ठेवणार." मी त्यांना फ्रीझरच्या खोलीपर्यंत नेलं. दहा मिनिटं गेली.

अगदी नव्या औषधाची चाचणी असेल आणि सहभागी दुर्बल गटातला असेल, तर संमतीच्या संवादाचं ध्वनिचित्रमुद्रण करणं २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

१०. हे म्हणजे माणसांवर प्रयोग झाले ना?

दोन गोष्टी वेगळ्या करूया. काढून टाकलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासाला देणं, यात तुमच्या शरीरावर नवीन काही होत नाही. जोखीम असते ती माहितीच्या गुप्ततेची (प्रश्न १५). क्लिनिकल ट्रायलमध्ये मात्र उपचारच बदलतो, म्हणून तिथले नियम कडक आहेत.

दोन्हींना नीतिसमितीची मंजुरी लागते. औषधांच्या ट्रायलसाठीच्या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. एक सामान्य नागरिक असावाच लागतो. आमच्या समितीतल्या निवृत्त शिक्षिका दर बैठकीत एकच प्रश्न विचारतात: हे वाक्य पेशंटला कळेल का? त्यांच्यामुळे आमचं संमतीपत्र अकरा पानांवरून पाचवर आलं. शिवाय भारतात २००९ पासून प्रत्येक ट्रायलची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते. तुम्हाला सांगितलेली ट्रायल तिथे शोधून पाहा. सापडली नाही तर कारण विचारा.

११. औषधाची खोटी गोळी देता येते. ऑपरेशनची ट्रायल कशी करणार? खोटं ऑपरेशन?

क्वचित, हो. २००२ साली अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवर अशी ट्रायल प्रसिद्ध झाली. काहींचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, काहींना फक्त कातडीवर छेद दिले. दुखणं कमी होण्यात फरक दिसला नाही. कॅन्सरमध्ये मात्र खोटं ऑपरेशन करणं अनैतिक ठरेल. तिथे दोन खऱ्या ऑपरेशनांची तुलना करतात. अख्खा स्तन आणि खालचे स्नायू काढण्याची हॉलस्टेड यांची पद्धत पाऊणशे वर्षं चालली. अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी चिठ्ठी टाकल्यासारखी गटवारी करून दाखवलं की फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी जगण्याचं प्रमाण तेवढंच राहतं. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २००२ मध्ये आला. आज पुण्यात एखादीचा स्तन वाचतो तो त्या अनोळखी बायकांनी अशा गटवारीला होकार दिला म्हणून.

अडचण अशी की ऑपरेशन कोणतं केलं हे सर्जनपासून लपवता येत नाही, आणि सर्जनचा हात हाही उपचाराचाच भाग असतो. म्हणून निकाल मोजणारी व्यक्ती वेगळी ठेवतात. कोण कुठल्या गटात आहे हे तिला माहीत नसतं.

१२. ऑपरेशनआधी गाठीभोवती भुलीचं इंजेक्शन दिलं तर फायदा होतो असं वाचलं. खरं आहे का?

तुम्ही वाचलेला अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झाला. भारतातल्या ११ केंद्रांमध्ये, थेट शस्त्रक्रिया ठरलेल्या सुमारे १६०० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के होतं, दुसऱ्या गटात ८६.४. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध अगदी स्वस्त आणि प्रत्येक ओटीत असलेलं.

विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी: लिडोकेन रिसेप्टर अडवत नाही, ते आवरणातल्या सोडियमच्या वाहिन्या बंद करतं. हाताळणीच्या वेळी गाठीच्या पेशी निसटण्याच्या तयारीला लागतात आणि या वाहिन्यांचा त्यात हात असावा, हा त्यामागचा विचार.

त्याच चमूचा आधीचा अभ्यास, २०११ चा, थेट रिसेप्टरशी निगडित होता. १००० स्त्रियांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर ठळक फरक नव्हता. काखेत गाठी पसरलेल्या गटात फायदा दिसला. असा उपगटातला फायदा उत्साह वाढवतो, पण त्यावरून सगळ्यांना ते द्यावं असं म्हणता येत नाही. तुमच्या बाबतीत लिडोकेन द्यायचं का, हे सर्जनना ऑपरेशनच्या आधी विचारा.

१३. आईच्या पेशी प्रयोगशाळेत कायम जिवंत ठेवतात का?

जवळपास कधीच नाही. बहुतेक नमुने गोठवलेले किंवा मेणात बसवलेले असतात, म्हणजे जिवंत नसतात. ताज्या गाठीतल्या पेशी थाळीत वाढवायचा प्रयत्न केला तरी बहुतेक काही आठवड्यांत थांबतात. न थांबणाऱ्या पेशी विरळ. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीपासून झालेल्या हेला पेशी आजही जगभर वाढतात, आणि त्या घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आजचे संमतीचे रकाने त्या अन्यायाच्या आठवणीतून आलेत. ईआरच्या अभ्यासात सर्वात जास्त वापरलेल्या एमसीएफ-७ पेशी १९७० मध्ये मिशिगनमधल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) छातीत साठलेल्या पाण्यातून मिळाल्या.

१४. मी एमसीएफ-७ वर काम करते. इस्ट्रोजेन न घालताही रिसेप्टर जागा दिसतो. काय चुकतंय?

आधी पोषकद्रवाचा रंग बघ. गुलाबी आहे? मग त्यात फिनॉल रेड आहे, आणि फिनॉल रेड स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९८६ मध्येच दाखवलं गेलंय. बिनरंगाचा पोषकद्रव घे. दुसरा चोर सीरम. वासराच्या गर्भाच्या सीरममध्ये इस्ट्रोजेन असतंच. कोळशाने धुतलेलं सीरम वापर आणि प्रयोगाआधी दोन-तीन दिवस पेशी त्यातच ठेव. तिसरा प्लॅस्टिक. काही नळ्यांमधून झिरपणारं नोनिलफिनॉल पेशींना वाढवतं, हे १९९१ मध्ये अपघातानेच सापडलं.

पेशी खरंच एमसीएफ-७ आहेत का, हेही एकदा डीएनएच्या ठशावरून तपासून घे. एमडीए-एमबी-४३५ या पेशी कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरल्या आणि निघाल्या त्वचेच्या मेलॅनोमाच्या. आपल्याकडे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या संशोधन संस्थेत पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे. शेजारच्या लॅबमधून "थोड्या दे गं" म्हणून आणण्यापेक्षा तिथून घे.

१५. नमुन्यावर नाव असतं का? निकाल आम्हाला कळवतात का?

नळीवर फक्त सांकेतिक क्रमांक. क्रमांक कुणाचा, ती यादी वेगळी, कुलपात, मोजक्या लोकांच्या हाती. संशोधनाचे निकाल सहसा एकेकाला कळवत नाहीत, कारण ते उपचाराच्या दर्जाने तपासलेले नसतात. अपवाद बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ सारख्या जनुकातला दोष. त्याने कॅन्सरचा धोका वाढतो आणि तो लेकीबाळींकडेही उतरलेला असू शकतो. तसं काही सापडलं तर कळवायचं का, हे संमतीपत्रात आधीच विचारलेलं असावं. हो म्हणाल तर प्रमाणित प्रयोगशाळेत पुन्हा तपासून, समुपदेशकासमोर सांगतात.

१६. पैसे मिळतात का? आणि काही बरंवाईट झालं तर खर्च कुणाचा?

नमुन्याचे पैसे मिळत नाहीत, मिळूही नयेत. संशोधनासाठी जास्तीची खेप पडली तर प्रवासखर्च देता येतो. ट्रायलमध्ये इजा झाली तर गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, उपचार मोफत द्यावे लागतात. संबंध असेल तर भरपाई वेगळी. गंभीर घटना डॉक्टरांनी २४ तासांत कळवायची असते.

१७. टॅमॉक्सिफेन हे गोळीतलं औषध इस्ट्रोजेन अडवतं, मग गर्भाशयाला धोका का सांगतात?

कारण ते सगळीकडे अडवत नाही. स्तनात रिसेप्टरवर बसून तो बंद पाडतं. गर्भाशयात आणि हाडांत मात्र तोच रिसेप्टर थोडा चालू करतं. रिसेप्टर तोच असला तरी त्याच्याबरोबर काम करणारी मदतनीस प्रथिनं प्रत्येक अवयवात वेगळी असतात. हाडांना त्याचा पाळी गेलेल्या वयात फायदा होतो, गर्भाशयाच्या अस्तराला किंचित धोका. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर थांबू नका, दाखवा. आणखी एक, यकृतात या गोळीचं कामाचं रूप तयार होतं, आणि पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं त्यात अडथळा आणतात. ती चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना सांगा.

१८. हर-टूला चिकटणारं संप्रेरक कोणतं?

नाहीच. त्याला स्वतःचा निरोप्या सापडलेला नाही. तो कायम हात पुढे करून बसलेला असतो आणि भावंडांशी, विशेषतः हर-थ्रीशी जोडी जमवतो. त्याची संख्या वाढली की आपापसातही जोड्या जमतात आणि वर्दी थांबतच नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध त्याच्या बाहेरच्या भागाला चिकटतं. हृदयाच्या पेशींनाही हर-टू लागतो, म्हणून दर तीन महिन्यांनी इको करतात. तो चुकवू नका.

१९. पाच वर्षांनी कॅन्सर परत आला. जुनाच रिपोर्ट चालेल ना?

शक्यतो नवा तुकडा तपासावा. दरम्यान रिसेप्टर नाहीसे होऊ शकतात, क्वचित नव्याने दिसतात. कधी रिसेप्टर असतो पण त्याच्या जनुकात बदल होऊन तो इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो. मग नेहमीच्या गोळ्या निष्प्रभ ठरतात. हाडातला तुकडा असेल तर हाड मऊ करायला वापरलेल्या आम्लाने तपासणी बिघडू शकते. अशा वेळी निगेटिव्ह निकाल प्रश्न ७ आठवून वाचा.

२०. आई गेली. तिचा तुकडा अजून तुमच्याकडे आहे का?

हा फोन वर्षातून दोन-तीनदा येतो. हो, असतो. यादी उघडून मी क्रमांक शोधते आणि काय शिल्लक आहे ते सांगते: किती नळ्या, कुठल्या अभ्यासात वापरल्या, मेणाचा ब्लॉक आहे का. आईने "पुढच्या अभ्यासांसाठी साठवा" याला हो म्हटलं असेल तर तो नमुना तिच्या शब्दाप्रमाणे राहतो. मुलीला स्वतःच्या तपासणीसाठी आईचा ब्लॉक हवा असेल तर पॅथॉलॉजी विभागाकडे लेखी अर्ज करावा. मी मदत करते.

गेल्या दिवाळीच्या आधी सातारा रोडवरून एक मुलगी आली होती. तिला काहीच न्यायचं नव्हतं. फक्त फ्रीझर बघायचा होता. मी दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला, आणि तिसऱ्या कप्प्यातली डबी दाखवली. तिने क्रमांक वाचला, मोबाइलमध्ये लिहून घेतला आणि विचारलं, "याच्यावर अजून काम चालू आहे?" चालू आहे, मी म्हटलं.